काकूंची विहीर

बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागे काकूंची विहीर आहे. पंपाची जमिनीखालची टाकी गळत होती. ती काढून बरीच वर्षं झाली, तरी पाण्याचा नमुना घ्यायला मी अधूनमधून तिथे जातो. काल गेलो तेव्हा काकू पाणी शेंदत होत्या. बादली वर आली की त्या पाण्याचा वास घेत आणि ते काठालगतच ओतून देत. उपसा थांबला की विहीर मरते, असं त्यांच्या सासूबाई सांगत.

"काकू, हे पाणी मुरून परत विहिरीतच जातं," मी म्हणालो.

"जाऊ दे. कुणीतरी वाट बघतंय, एवढं तिला कळलं तरी पुरे." मग दोर गुंडाळत म्हणाल्या, "या पाण्यात तुरीची डाळ कशी लोण्यासारखी शिजायची."

पेट्रोल मातीत किती खोल उतरलंय, ते मी सांगू शकतो. पण पाण्याची चव माणसात किती खोल उतरते, कोण जाणे.

निघताना त्यांनी पेला पुढे केला. "जारचं आहे हो," त्या म्हणाल्या, पाहुण्याला शिळं वाढावं लागल्यासारख्या.