गुणाजीचा बॅज

गुणाजी गाडी चालवायचा आणि मी त्याच्याबरोबर पेटी उचलायचो. पेटीत गेज असायचं. नवा रस्ता करताना खालची खडी नीट दाबली गेली की नाही, ते या यंत्राने कळतं. त्याच्या पोटात किरण सोडणारा कण असतो, शेंगदाण्याहून लहान. म्हणून पेटी जड आणि कुलपाची. दोघांनी गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलायची. गुणाजीने पहिल्याच दिवशी माझ्याकडून रिकामी पेटी उचलवून घेतली, जमेपर्यंत.

पेटीची जागा गाडीच्या मागच्या टोकाला, चालकापासून लांब. साखळी घालायची, कुलूप लावायचं, ओढून बघायचं. वाटेत गाडी सोडायची नाही. लालबागच्या कोंडीत चहा हवा असला तर एकाने जायचं, एकाने थांबायचं. गुणाजी पेटीला सासूबाई म्हणायचा. शेजारी बसवत नाही आणि एकटं सोडवत नाही, असं त्याचं म्हणणं. कामावरची पोरं त्याला भटजी म्हणायची, सोवळं पाळतो म्हणून. तो हसायचा आणि साखळी पुन्हा ओढून बघायचा.

आम्हा दोघांच्या छातीला बॅज असायचा. अंगावर किती किरण पडले ते तो मोजतो. ठरावीक काळाने तपासायला जातो. अडवत काही नाही. काम संपलं की तो ऑफिसातल्या खुंटीला अडकवून घरी जायचं.

गुणाजीचं घर काळाचौकीच्या चाळीत. बायको मीराबाई, मुलगी राधा. लग्न नवीन असताना मीराबाईने या किरणांचं कुणाकडून तरी ऐकलं आणि तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. तेव्हा गुणाजीने तिला सांगितलं की बॅज आहे, तो राखतो. ती शांत झाली. आपण असं काही बोललो होतो, हे तो पुढे विसरूनही गेला.

राधा नववीत असताना तिच्या मांडीच्या हाडात गाठ निघाली. परळच्या रुग्णालयात तिला दाखल करून घेताहेत, असा फोन साइटवर आला. गुणाजीने पेटी परत आणली, कोठीत ठेवली, कुलूप ओढून बघितलं आणि तसाच धावला. बॅज शर्टावर राहिला. मी त्याच्याबरोबर काम केलं तेवढ्या वर्षांत त्याच्या हातून झालेली ही एकच चूक. नंतर तो रजेवर होता. शर्ट घरी टांगलेला, बॅज त्यावरच.

राधाच्या पायाला किरण द्यायचं ठरलं. किरण म्हटल्यावर मीराबाईला बॅज आठवला. तिने तो फडक्यात शिवला आणि काळ्या दोऱ्याने पोरीच्या दंडाला बांधला. तिथे ताईत बांधलेली माणसं रोज येतात. कुणी काही विचारलं नाही.

राधा गेली. बारावं झाल्यावर गुणाजी कामावर आला. मीराबाईने बॅज परत शर्टाला लावून ठेवला होता. बॅज तपासायला गेला आणि आकडा असा आला की गुणाजीला कामावरून थांबवलं. पेटी तपासली, ती धड होती. मग त्याने गेज पेटीबाहेर काढून कुठेतरी ठेवलं असेल, अशी शंका. चौकशीला सुरक्षा अधिकारी अनुजा मॅडम चाळीत आल्या. मी सोबत होतो.

मॅडमनी शांतपणे विचारलं. गुणाजी म्हणाला, पेटी त्याने कधी उघडी टाकली नाही. तेव्हा मीराबाई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होती. तिथूनच म्हणाली, "बॅज राधाच्या दंडाला होता. मी बांधलेला."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. पायाला किरण देताना इकडेतिकडे विखुरलेले बॅजवर आले, आकड्याचा उलगडा झाला, गुणाजीवर ठपका येणार नाही, असं काहीतरी त्या बोलल्या. मीराबाईचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बॅजात खूप आलं म्हणता?"

"हो."

"म्हणजे तेवढं पोरीच्या पायाला लागलंच नाही," ती म्हणाली. "औषधच होतं ना ते. मीच अडवलं."

गुणाजी उठून तिच्याजवळ गेला. "मीरा, तो काही अडवत नाही. नुसता मोजतो."

"राखतो म्हणालेलात."

"तू घाबरू नयेस म्हणून बोललो."

"आणि आता हे कशासाठी बोलताय?"

मॅडमनी समजावलं. मीही सांगितलं की बॅज होता म्हणून राधाच्या पायाचं काहीही कमी झालं नाही. ती म्हणाली, "रामजीभाऊ, तुम्ही त्यांचेच."

गुणाजीला काम परत मिळालं. त्याला ते नको होतं असं नाही, पण त्याचं मन दुसरीकडेच. मीराबाई जेवत नव्हती. शेवटी आम्ही दोघे राधाच्या डॉक्टरांना भेटलो, सगळं सांगितलं आणि विनंती केली की एकदा तुम्ही तिच्याशी बोला. त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं.

डॉक्टर चांगले बोलले. पायाचं चित्र काढून दाखवलं, किरण कुठून गेले, दंड कुठे राहिला. बॅजने काही कमी झालं नाही, गाठच वाईट होती, असं दोनदा सांगितलं. मीराबाईने मान हलवली. गुणाजीने माझ्याकडे बघितलं. राधा गेल्यापासून त्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला होता.

जिना उतरताना ती मध्येच थांबली.

"डॉक्टरांना काल भेटून गेलेलात ना तुम्ही?"

गुणाजीने कठडा धरला.

"हो," तो म्हणाला.

ती पुढे उतरू लागली. तो तिच्या मागे, एक पायरी सोडून.