गोलच्या मागची भिंत

९ जानेवारी. दिल्लीत सकाळपासून धुकं हललं नव्हतं आणि मला गोलकीपरचे पॅड वाळवायचे होते.

आइस हॉकीच्या गोलकीपरचे पॅड म्हणजे पायांना बांधायच्या दोन लहान गाद्याच. त्यांत घाम मुरतो. न वाळवता दुसऱ्या दिवशी घातले तर कातडी सोलवटते, आणि वास तर विचारू नका. हीटरपुढे ठेवायचे नाहीत, आतला फोम कडक होतो, असं मला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं. ऊन नाही, हीटर चालत नाही, मग राहिला पंखा. पॅड, हातमोजे, छातीचं चिलखत असं सगळं हॉलमधल्या खुर्च्यांवर पसरलं, आत जुने पेपर कोंबले आणि पंखा पाचावर केला.

नवरा शाल गुंडाळून, कानटोपी घालून कोपऱ्यात बसला होता. "आज अख्ख्या आर. के. पुरममध्ये पंखा लावणारं आपलं एकच घर असेल," तो म्हणाला.

"मग आतल्या खोलीत बस."

"तिथे हेल्मेट वाळतंय."

हे सगळं सामान जिचं होतं ती मुलगी बाल्कनीत उभी राहून धुक्याकडे बघत होती. सतरा वर्षांची, लेहच्याही पलीकडच्या गावातली. गुरुग्रामच्या एका मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर मुलींची अठरा वर्षांखालची टूर्नामेंट होती. तीन देश: आपला, थायलंड आणि किर्गिझस्तान. रिंक लहान, म्हणून एका वेळी तीन-तीनच खेळाडू आणि गोलकीपर. परदेशी संघांना हॉटेल मिळालं, आपल्या मुलींची सोय ओळखीच्या घरांमध्ये केली होती. माझ्या ऑफिसातली एक सहकारी लडाखची. ती म्हणाली, "मॅडम, आपका एक कमरा खाली है ना?" मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून खोली रिकामीच होती. मी हो म्हटलं. तोपर्यंत आइस हॉकी हा खेळ मी टीव्हीवरसुद्धा पाहिलेला नव्हता.

आदल्या दिवशी थायलंडविरुद्ध आपण हरलो होतो. तीन गोल खाल्ले आणि तिन्ही एकाच पद्धतीने. थाई मुलगी गोलवर मारायचीच नाही. ती मुद्दाम गोलच्या बाजूने, मागच्या भिंतीवर पक मारायची. पक म्हणजे रबराची जाड चकती. ही चकती भिंतीवर आपटायची, गोलच्या दुसऱ्या बाजूने पुढे यायची आणि तिथे उभी असलेली दुसरी मुलगी नुसती स्टिक लावून आत ढकलायची. आमची गोलकीपर तेव्हा पहिल्याच बाजूला, हात सैल सोडून उभी असायची.

पहिल्यांदा वाटलं, मुलगी घाबरली. तिसऱ्यांदा कळलं की ही भीती नव्हे, सवय आहे.

तिच्या गावात हिवाळ्यात तळं गोठलं की त्यावर खेळतात. कड म्हणून चहूकडे फावड्याने बर्फाचे ढीग लावतात. पक गोलच्या बाजूने गेला की तो ढिगात शिरतो आणि खेळ थांबतो. मग सगळ्याजणी गुडघ्यांवर बसून पक उकरून काढतात. गोलकीपर तेवढ्यात पाठ मोकळी करते, नाक पुसते. गुरुग्रामच्या रिंकलाही एरवी चहूबाजूंनी मऊ गाद्याच असतात, कारण तिथे वाढदिवसाला आलेली पोरं धडपडतात. गादीवर पक आपटला की तिथेच पडतो. टूर्नामेंटच्या नियमाला टणक भिंत हवी होती, म्हणून ऐनवेळी मानेसरच्या एका कारखान्यातून पांढऱ्या प्लास्टिकची जाड पॅनेल बनवून आणली, तीही तीन दिवसांपुरती. म्हणजे आपल्याच रिंकवर आपल्याच मुली परक्या झाल्या. थाई मुलींना असल्या भिंतींची सवय होती.

त्या सकाळी कोचचा फोन आला. कोच स्वतः जुनी खेळाडू, बोलणं तुटक. स्पीकरवर टाकायला सांगितलं.

"उद्या किर्गिझस्तान. गोलमध्ये मी दुसरीला उभी करणार आहे," ती हिंदीत म्हणाली. "सकाळी मॅचआधी सराव आहे. त्यात काही वेगळं दिसलं तर बघू."

"जी मॅडम," मुलगी म्हणाली.

फोन बंद झाला. मी विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी अठरा पूर्ण, आंटी. मोठ्या संघात चांगल्या दोघी आहेत आधीच." रडली नाही. पॅडमधला ओला पेपर काढून कोरडा कोंबायला लागली.

मला हळहळत बसायला जमत नाही. एका दिवसात मोडायची सवय असेल तर आधी भिंत हवी, एवढं मला समजत होतं. भिंत आमच्या वसाहतीत होती. पंपहाउसची, सिमेंटची, पुढे फरसबंदी.

रविवार असल्यामुळे भाचीही जेवायला आली होती. ती करोल बागेत राहून यूपीएससी करते. तिसरा प्रयत्न. रविवारी माझ्याकडे वरणभात खाते आणि आठवड्याचे कपडे मशीनला लावते.

"मावशी, मी नोट्स काढायला आलेय," ती म्हणाली.

"नोट्स पळून जात नाहीत. चप्पल काढ, बूट घाल."

भिंतीपासून थोडं पुढे दोन प्लास्टिकची स्टुलं ठेवली. तो झाला गोल. मुलगी त्यांच्या पुढे, पॅडशिवाय, स्टिक घेऊन. भाची एका बाजूला दबा धरून. मी समोरून टेनिसचा चेंडू स्टुलाच्या बाजूने भिंतीवर मारायचा आणि तो परत आला की भाचीने आत लोटायचा. एवढी सोपी योजना. सुरुवातीला मी मारलेले चेंडू भिंतीपर्यंत सरळ जाईनात.

"मावशी, समोर भिंत आहे. पूर्ण भिंत. एवढीही लागत नाही?"

"तू गप्प उभी राहा. प्रिलिम्सला तुझं काय लागलं ते माहीत आहे."

"हे पर्सनल झालं!"

मुलगी पहिल्यांदा हसली. मग माझा हात बसला. चेंडू तिच्या उजवीकडून गेला की ती वळून त्याच्याकडे बघायची, आणि तेवढ्यात भाची डावीकडून गोल करायची. पुन्हा. पुन्हा. भाचीला भलताच जोर चढला. एवढं यश तिला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या पंजाबी शेजारीणबाई बाल्कनीतून ओरडल्या, "भाभीजी, इस उमर में? वर्ल्ड कप में सिलेक्शन हो गया क्या?"

"हो गया! आप अंपायर बन जाओ!" मी ओरडले.

त्या खरंच शेंगदाण्यांची पिशवी घेऊन खाली आल्या आणि खुर्ची टाकून बसल्या. प्रत्येक गोलला "ओहो!" एवढंच त्यांचं काम.

मग मुलीने आम्हाला थांबवलं. स्टुलाला टाच लावून उभी राहिली आणि डोळे मिटले.

"आता मारा, आंटी."

"डोळे मिटून?"

"मारा ना."

मी मारला. चेंडू भिंतीवर आपटला, धप्प. तो आवाज झाला त्याच क्षणी ती मागे न बघता एका बाजूच्या स्टुलापासून दुसऱ्या बाजूच्या स्टुलाशी सरकली होती. भाचीचा चेंडू तिच्या नडगीवर आदळला.

"आवाज आधी येतो," ती डोळे उघडत म्हणाली. "आमच्याकडे पक बर्फात गेला की आवाजच होत नाही. म्हणून मी ऐकायचं सोडून दिलं होतं."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर फक्त चेंडू फेकत होते. भाची फरसबंदीवर बसली आणि म्हणाली, "यार, मला दोन वर्षांत माझी चूक कळली नाही. हिला दोन तासांत?" त्यात हेवा नव्हता, कौतुकच होतं. मलाही तेच वाटत होतं. पण बोलत बसले असते तर उजेड गेला असता, म्हणून पुढचा चेंडू मारला. अंधार पडेपर्यंत मारत राहिले. खांदा नंतर आठवडाभर दुखत होता.

दुसऱ्या दिवशी सराव दुकानं उघडायच्या आत होता. सरकते जिने बंद, सफाईवाल्या फरशी पुसत होत्या. कोचने मागच्या भिंतीवर पक मारायला सुरुवात केली. कधी उजवीकडून, कधी डावीकडून. टणक प्लास्टिकवर आवाज पंपहाउसपेक्षा कितीतरी मोठा यायचा, खाडकन. मुलगी प्रत्येक वेळी दुसऱ्या खांबाशी आधीच पोचलेली. कोचने शेवटचा पक मारला, स्टिक काखेत धरली आणि म्हणाली, "जा, नाश्ता कर. जड काही खाऊ नको. तू उभी राहतेस."

भाचीने माझा दुखरा खांदा इतका जोरात दाबला की मी ओरडले.

मॅचला गर्दी झाली. निम्मी लोकं हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन, तळणाच्या वासात, काय चाललंय हे न कळता उभी होती. किर्गिझ मुलींनी थायलंडची मॅच पाहिलेली दिसत होती, कारण त्यांनी सुरुवातीपासून भिंतच वापरली. खाडकन आवाज, आणि आमची मुलगी दुसऱ्या बाजूला हजर. पुन्हा आवाज, पुन्हा हजर. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांच्या कोचने हात हलवून काहीतरी सांगितलं आणि त्यांनी भिंतीचा नाद सोडला. मग सरळ मारायला लागल्या, आणि सरळ मारलेला एक पक तिच्या खांद्यावरून आत गेला. चांगला गोल होता तो. त्याबद्दल कुणाला काही म्हणता येणार नाही. आपल्याकडूनही एक झाला. शेवटच्या मिनिटांत एक किर्गिझ मुलगी एकटी पुढे आली, धिप्पाड, वेगात. आमची पुढे सरकली, गुडघे टाकले, आणि पक कुठे गेला ते मला दिसलंच नाही. तो तिच्या पॅडखाली होता.

एक-एक. गुणांत आपण तीन संघांत तिसरे, म्हणजे शेवटचे. तरी मुली पळत येऊन तिच्यावर अशा पडल्या की आधी तिचं हेल्मेट सापडेना. कोच फक्त एवढंच म्हणाली, "अच्छा खेली."

सगळे निघाले तेव्हा कामगार पॅनेलचे स्क्रू काढत होते. गाद्या बाजूला येऊन पडल्या होत्या. मुलीने बोटांच्या पेरांनी एका पॅनेलवर टकटक केलं. परतताना गाडीत म्हणाली, "माझी धाकटी बहीण पण गोलकीपर आहे. गावातल्या अजून तिघी आहेत. पुढच्या वर्षी त्या येतील, आंटी. त्यांना हे कसं शिकवू? आमच्याकडे भिंतच नाही."

"पंपहाउस?"

"पंपहाउस पण नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं लेहचं विमान होतं. विमानतळाच्या दाराशी ती वाकून पाया पडली, मी तिची बॅग सरळ केली आणि आत पाठवली. मग घरी न जाता त्याच हायवेने पुढे मानेसरला गेले. कंपन्यांच्या बसमधून पहिल्या पाळीचे कामगार उतरत होते. कारखान्याच्या मॅनेजरला मी सरळच विचारलं की लेहला पाठवायला जादा पॅनेल आहेत का. पहिल्या खेपेला रंग पिवळट आला म्हणून काही बाजूला पडली होती.

"मॅडम, लेह?" तो म्हणाला. "अभी तो रास्ता बंद है. ट्रक मई-जून में जाएगा."

"जूनमध्ये जाऊ दे. तळं डिसेंबरशिवाय गोठत नाही. मला आत्ता फक्त बाजूला काढून ठेवलेली हवीत."

तो हसला आणि मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. मी ओरखडे कमी असलेली चार निवडली, त्याच्याकडून मार्कर मागून घेतला, चारही पॅनेलच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'लेह' लिहिलं आणि ऑफिसला गेले.