मंगरूबाबांची किंगरी

२००९ च्या हिवाळ्यात आमची नक्षलविरोधी पोस्ट सालेकसा तालुक्यात, जंगलाच्या कडेला होती. मी हवालदार. साडेचारला उठायचं, सहाला पेट्रोलिंग, परतल्यावर हत्यारं साफ करायची, मग सेंट्री ड्युटी.

नोव्हेंबरात जवळच्या टोल्यावर, दहा-बारा घरांच्या वस्तीत, झडती घेताना मी एका घराच्या माळ्यावरून गाठोडं ओढलं. आत किंगरी होती. खाली पडून फुटली. घर मंगरूबाबांचं. सत्तरीचे होते. हे तीन तारांचं वाद्य गजानं वाजवत कथा गाणं, हे त्यांच्या घराण्याचं काम. ते एवढंच म्हणाले, "काऊन फोडली जी?"



हे मी माझ्या हाताखालचा नाईक टेकराम याला सांगितलं. तो आमगावकडचा, घरी धानाची शेती, आमच्यात सगळ्यात कमी बोलणारा. दुसऱ्या दिवसापासून ड्युटी संपली की तो शिवणीचं लाकूड कोरत बसू लागला. लंगरमधून, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघरातून, बकऱ्याचं कातडं मागून घेतलं. पहिलं ताणताना फाटलं. दुसऱ्यासाठी आठवडा थांबला. तारा सायकलच्या ब्रेकवायरमधल्या. गजासाठी घोड्याच्या शेपटीचे केस कुठून आणले, ते त्यानं सांगितलं नाही. मी फक्त पॉलिश पेपर घासला.

किंगरी द्यायला म्हणून जाण्याची परवानगी कंपनी कमांडरांनी नाकारली. दोन दिवसांनी त्यांनीच त्या टोल्यावरून पेट्रोलिंग लावलं. आम्ही आठ जण सकाळी सहा दहाला निघालो.

बाबांनी किंगरी उलटीपालटी करून पाहिली, खुंट्या पिळल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. वाजवायला लागले आणि गज न थांबवता टेकरामला हळूच म्हणाले, "नाल्याच्या वाटेनं जाऊ नोका. तिथं माती खोदून राहिले होते."

आम्हाला त्याच वाटेनं परतायचं होतं. मी वायरलेस उचलला.

"बेस, रूट बदलतोय. बांध्यांतून येतो. ओव्हर."

"रॉजर. अंतर ठेवा."

धान कापून झालेलं, बांध्या म्हणजे धानाची खाचरं उघडी. आडोसा फक्त धुऱ्यांचा, मधल्या मातीच्या बांधांचा. सात पन्नासला नाल्याकडच्या झाडीतून फायर आला. टेकराम सगळ्यात मागे होता. "तुमी निघा, मी कव्हर देतो," म्हणाला आणि धुऱ्यामागे आडवा झाला. आम्ही सात जण बांध्यांपलीकडच्या झाडांच्या आड पोचलो, तिथून फायर देत राहिलो. बारा मिनिटांनी समोरचा फायर थांबला. मी रांगत मागे गेलो. गोळी गळ्याखाली लागली होती. आठ वीसला तो गेला.

दुपारी नाल्यापाशी वाटेखाली स्फोटकांचा डबा सापडला. वायर झाडीपर्यंत नेलेली. त्या वाटेनं गेलो असतो तर आठांतला एकही परतला नसता.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, संशयावरून मार्ग बदलला. मंगरूबाबांचं नाव घातलं नाही. त्यांना तिथंच राहायचं होतं. आता ते हयात नाहीत, म्हणून सांगतो.

तेरवीला टेकरामच्या घरी गेलो. शेवटचे दिवस ते काय करत होते, असं त्याच्या बायकोनं विचारलं. मी सगळं सांगितलं. लाकूड, फाटलेलं कातडं, तारा. तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"घरी त त्यायनं कधी एक खिळा नाई ठोकला," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली.