माझ्या खांद्यावरची शाल

मी मूळचीच भित्री. मुलगा सैन्यात भरती झाला तेव्हा दिघीतल्या आमच्या गल्लीने पेढे खाल्ले आणि मी दत्त महाराजांसमोर रडत बसले. यंदाच्या थंडीत तो सीमेवर होता आणि अचानक त्याचे फोन यायचे थांबले. "तिकडं रेंज नसते गं," असं आमचे हे रोज चाकणला शिफ्टला जाताना सांगत, पण डबा मात्र न उघडताच परत आणत. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते अगदी खरं आहे.

हुतात्मा दिनाच्या सकाळी दिवा लावताना मी म्हटलं, "महाराज, आता सोसवत नाही. काहीतरी खूण द्या." मग दरवर्षीप्रमाणे मैदानावरच्या कार्यक्रमाला गेले. युद्धात गेलेल्या मुलांच्या फोटोंना फूल वाहायचं आणि मागच्या मागे निघायचं, एवढाच बेत होता. पण एका उत्साही कार्यकर्त्याने मला गाठलं. "ताई, तुम्ही जवानाच्या आई, तुमचा मान पुढं!" म्हणत त्याने मला पहिल्या रांगेत बसवलं आणि खांद्यावर शाल घातली. शेजारच्या बायकांच्या अंगावरही तशाच शाली होत्या. त्यांचे चेहरे पाहिले आणि काळजात धस्स झालं. ती रांग वीरमातांची होती, मुलगा गमावलेल्या आयांची.

"अहो, माझा मुलगा आहे! सुखरूप आहे!" मी म्हणत होते, पण लाउडस्पीकरच्या आवाजात त्याला ते ऐकूच गेलं नाही. शाल काढणार तोच अकराचा भोंगा वाजला आणि सगळं मैदान श्रद्धांजलीसाठी स्तब्ध उभं राहिलं. आता हलायचं नाही, बोलायचं नाही. मागितलेली खूण हीच, असं माझ्या मनाने घेतलं. नामस्मरण करू गेले, तर महाराजांचं नावही ओठांवर येईना. इतकी भीती मी जन्मात अनुभवली नव्हती.

एवढ्यात त्या स्तब्ध मैदानात एकच माणूस हललं. शेजारच्या नऊवारीतल्या म्हाताऱ्या आजींनी माझ्या खांद्यावरची शाल काढली आणि स्वतःच्या शालीवर पांघरली. हळूच म्हणाल्या, "ही तुजी न्हाई, पोरी. माजं लेकरू गेलंय, मला झेपती. तुजं येतंय बग घरी." माझा हात त्यांनी भोंगा पुन्हा वाजेपर्यंत सोडला नाही. तेव्हा कुठे माझ्या तोंडून महाराजांचं नाव निघालं, आणि मुलाचा फोन येत नसल्याचं मी त्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. बर्फामुळे संपर्क तुटला होता, तो ठणठणीत होता. महाराजांपुढे पेढे ठेवले, पण आजींकडे कोणत्या तोंडाने न्यायचे ते कळेना. शेवटी रिकाम्या हातानेच जुन्या गावठाणात त्यांचं घर शोधत गेले. दारातच त्यांनी विचारलं, "आला का फोन पोराचा?" मी नुसती मान हलवली. तशा त्या आत वळल्या आणि भिंतीवरच्या गणवेशातल्या फोटोला म्हणाल्या, "आला बरं का रं, फोन आला त्येचा." मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले.

माझी भीती काही गेलेली नाही. फोनला उशीर झाला की अजूनही जीव टांगणीला लागतो. पण आता मी खूण मागत नाही. सगळं महाराजांच्या पायाशी ठेवते आणि दिवा लावताना दोन नावं घेते. आधी आजींच्या मुलाचं, मग माझ्या मुलाचं.