कालोलाइनेचा धंदा आणि मधे बसलेली आत्या

फेलेती सरांचं कालोलाइनेकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिनं खुर्ची फिरवली तेव्हा.

टोंगाची राजधानी नुकुअलोफा, तिथल्या कॉलेजात दर शनिवारी मुलांसाठी वर्ग भरायचा. धंदा कसा उभा करावा, फोनवर चालणारं ॲप कसं बनवावं, आणि आपल्या कल्पनेत कुणी पैसा घालावा असं वाटत असेल तर त्या माणसाशी काय बोलावं, हे तिथं शिकवत. शाळेतून निवृत्त झालेले फेलेती सर व्यवस्था बघायचे आणि ब्रिस्बेनहून आलेला डॅरिल नावाचा उत्साही गडी शिकवायचा. पहिल्या दिवशी त्यानं खुर्च्या गोल मांडायला लावल्या. सातेकी नावाचा मुलगा समोर येऊन बसला, तशी कालोलाइने उठली, आपली खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि काहीच न झाल्यासारखी पुन्हा बसली.

"या दोघांचं भांडण आहे का?" डॅरिलनं हळूच विचारलं.

"भांडण कसलं? बहीणभाऊ आहेत," सर म्हणाले.

म्हणजे दोघांचे वडील सख्खे भाऊ. तेवढं पुरे होतं. वयात आलेल्या बहीणभावानं एकमेकांची मर्यादा राखायची. थट्टा नाही, वाद नाही. त्यात बहिणीचा मान वरचा, तिचं म्हणणं भावानं खोडायचं नाही.

कालोलाइनेची कल्पना साधी होती. तिच्या कोलोवाई गावात घरोघरी बायका केवड्याच्या पातीच्या चटया विणतात. ऑकलंडला गेलेल्या नातेवाइकांना लग्नाला, मयताला द्यायला त्याच चटया लागतात, आणि कुणाकडे काय तयार आहे हे कळायला ते अख्ख्या गावाला फोन लावत बसतात. हे सगळं एका ॲपवर दिसावं, असं तिला वाटत होतं. वर्गात काम जोडीनं करायचं होतं, आणि ॲप बनवता येणारा एकच मुलगा होता, सातेकी.

"तुला दुसरा जोडीदार शोधू का?" सरांनी विचारलं.

"नको."

"अगं, पण तू त्याच्याशी बोलणार कशी?"

"लागेल तेवढं बोलेन. काम त्यालाच येतं, सर."

वर्षाअखेरीस ऑकलंडची काही व्यापारी मंडळी येणार होती. त्यांना पसंत पडेल त्या जोडीला सुरुवातीचं भांडवल आणि फिजीतल्या सुवाला पुढचं शिक्षण मिळणार होतं. ते हुकलं, तर कालोलाइनेनं थोरल्या बहिणीमागोमाग ऑकलंडला फळं पेट्यांत भरायच्या कामावर जायचं, असं घरी ठरलेलं होतं. तिला जायचं नव्हतं.

काम सुरळीत चाललं. जरा जास्तच सुरळीत. "भांडा की जरा!" डॅरिल ओरडायचा, "भांडल्याशिवाय चांगलं काही निघत नाही!" पण कालोलाइने म्हणाली, की प्रत्येक चटईचे मोठे, स्वच्छ फोटो हवेत. सातेकी म्हणाला, "बरं." ती म्हणाली, विणतानाचा व्हिडिओही हवा. तो म्हणाला, "बरं."

मग एका शनिवारी कोलोवाईच्या चर्चमागच्या खोलीत बायकांना गोळा करून ॲप चालवून बघितलं. पहिला फोटो अर्ध्यावर अडकला तो अडकलाच. फोन तापले. काहींचे बंद पडले.

"पोरी," एक बाई म्हणाली, "हा फोटो पोचेपर्यंत मी दुसरी चटई विणते!"

सगळ्या खो खो हसल्या. कालोलाइने फोन गोळा करत राहिली. सर बाहेर आले, तर सातेकी वटवाघळं लटकलेल्या झाडाखाली उभा होता.

"गावातलं नेटवर्क एवढं ओझं पेलणार नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून, सर."

"मग बोलला का नाहीस?"

"तिचं म्हणणं होतं ते," सातेकी म्हणाला. यात विचारण्यासारखं काय आहे, असा त्याचा चेहरा होता. मग तो म्हणाला, "मीच बाहेर पडतो. तिला नाही म्हणू शकेल असा कुणीतरी बघा."

दारात उभ्या कालोलाइनेनं हे ऐकलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. पायऱ्या उतरून ती तरातरा फाने आत्याच्या घराकडे निघाली. सर मागून धापा टाकत.

फाने आत्या म्हणजे दोघांच्या बापांची थोरली बहीण. त्या घराण्यात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. अंगणात ती केवड्याच्या पाती सोलत बसली होती.

"आत्या, सातेकीला सांग, मला नाही म्हणायला शीक म्हणावं."

"ते व्हायचं नाही," आत्या म्हणाली. "त्याच्या आईनं त्याला नीट वाढवलाय." तिनं पात दातात धरून चिरली. "पण माझ्यापुढे त्याला काही लपवता यायचं नाही. बोलाव त्याला."

तेव्हापासून आत्या विणकाम घेऊन दोघांच्या मधे बसू लागली.

"आत्या, फोटो लहान करायला हवेत."

"ऐकलंस गं? लहान."

"आत्या, लहान फोटोत वीण कशी दिसणार?"

"हो की. कशी दिसणार रे? बोल ना, तोंडात कसाव्याचा कंद कोंबलाय का?"

"अख्खी चटई दाखवायचीच नाही, आत्या. एक कोपरा जवळून घ्यायचा. आणि व्हिडिओ काढूनच टाकायचा."

कालोलाइनेनं आपल्या यादीतला व्हिडिओ खोडला. मग म्हणाली, "आत्या, त्याला विचार, हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"ते मी नाही विचारत," आत्या म्हणाली. "कान बघ त्याचे, कसे लाल झालेत."

ऑकलंडची मंडळी आली त्या दिवशी डॅरिलचा जीव वरखाली होत होता. जोडीत दोघंच, असा नियम होता, आणि इथं तर व्यासपीठावर मधोमध आत्या, हातात विणकाम.

"आमच्यात भाऊ बहिणीला नाही म्हणत नाही," कालोलाइनेनं सरळ सांगून टाकलं. "त्यापायी आमचं ॲप एकदा गावासमोर बंद पडलं. माझी चूक होती, आणि ती मला सांगणारं कुणी नव्हतं. आता तो आत्याला सांगतो, आत्या मला सांगते. ॲप चालतंय. हवं तर आत्ता कोलोवाईहून फोटो मागवा."

फोटो मागवला. आला.

समोर एक वयस्कर बाई होती, टोंगाचीच, ऑकलंडला दुकानं असलेली. तिनं विचारलं, "आणि उद्या आत्या कंटाळली तर?"

"मला धाकट्या बहिणी आहेत," फाने आत्या मान वर न करता म्हणाली. "बोलायला सगळ्या माझ्याहून फटकळ."

सुवाची जागा मासे सुकवणाऱ्या दोन मुलांना मिळाली. निकाल ऐकून कालोलाइने उठली आणि थेट त्या बाईच्या खुर्चीपाशी गेली. "आमचं काय कमी पडलं, ते सांगा." बाईनं सांगितलं: धंदा उभा आत्यावर, आणि कागदावर आत्या कुठंच नाही. कालोलाइने ऐकत राहिली, मधे मधे विचारत राहिली. निघताना बाईनं स्वतःचे पैसे घालायचं कबूल केलं, एका अटीवर: धंद्यात आत्याचाही हिस्सा हवा.

थोरल्या बहिणीनं ऑकलंडहून पाठवलेलं तिकीट कालोलाइनेनं परत केलं. ती कोलोवाईतच राहते. चर्चमागची ती खोली आता तिचं ऑफिस आहे. सातेकीचं टेबल दुसऱ्या भिंतीला, तिच्याकडे पाठ करून. मंगळवारी कामाची बैठक असते, आणि आत्या आल्यावर ती सुरू होते.