गरम गाळायचं राहिलं होतं

दादाला जाऊन आता दीड महिना होईल. तो गेला त्याच्या आधीच्या रविवारी मी लखनौच्या एका टोकाहून, वृंदावन योजनेतल्या माझ्या घरून, त्याच्या महानगर भागातल्या घरी गेले, तर हा घरात नाही. "लॅबमध्ये गेलेत म्हणे," वहिनी म्हणाली. त्या 'म्हणे'त सगळं आलं. निवृत्तीला टेकलेला माणूस दर रविवारी लॅबमध्ये काय करतो? विचारलं की "काही नाही". जेवताना गप्प, हाक मारली की दचकायचा... मला वाटलं, दुखणं लपवतोय. वहिनीला काय वाटत होतं ते तिने सांगितलं नाही, पण न कळण्याइतकी मी भोळी नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. मग हृदयविकाराने तो अचानक गेला. डॉक्टर म्हणाले, आधीची काही तक्रार नव्हती. म्हणजे माझा तर्क चुकला होता, आणि वहिनीचा तेवढा उरला होता.

संशय खरं तर दादाचा प्रांत. आम्ही अमरावतीचे, पण लखनौत उभी हयात काढूनही याचा कोणावर भरवसा बसला नाही. "भैया, ताज़ी है?" असं विचारायचा, उत्तर ऐकायचा आणि मग भेंडी मोडून बघायचा. तोंड पोळण्याआधीच ताक फुंकणारा माणूस. आणि विद्यापीठात रसायनशास्त्राचं काम मिळालं तेही तसंच, तपासत बसायचं. खाद्यतेलापासून बायोडिझेल करताना उत्प्रेरक लागतो. तो द्रवात विरघळणारा असला की डिझेल धूत बसावं लागतं. दादा अंड्यांची टरफलं भट्टीत भाजून त्यांची पूड वापरायचा. काम झालं की पूड गाळून काढा, पुन्हा वापरा. हा त्याचा शोध, आणि त्याचं नाव झालं ते यावरच.

शोकसभेत विभागप्रमुखांनी नेमकं तेच आळवलं, की ही पूड विरघळत नाही. "सर का कैटलिस्ट बार-बार चलता है, घुलता नहीं." सगळे माना डोलवत होते. दादाची विद्यार्थिनी शाहीन तेवढी खाली बघत होती. मेलेल्या माणसाची स्तुती मला अशीही पचत नाही. तिला व्हरांड्यात गाठलं आणि सरळच विचारलं, इतवार को क्या चलता था?

"आंटी, सर को शक था कि पाउडर घुल रहा है," ती म्हणाली. हे तपासायची रीत साधी आहे. क्रिया अर्धवट असताना पूड गाळून टाकायची आणि नुसता द्रव पुढे तापवायचा. पूड नसतानाही डिझेल होत राहिलं, तर काम विरघळलेला अंश करतोय. ही चाचणी शाहीनने केली होती, निकाल चोख होता. पण तेलात घातलेल्या मिथेनॉलच्या वाफा नकोत म्हणून तिने द्रव निवल्यावर गाळला होता. निवताना विरघळलेलं पुन्हा खाली बसतं आणि गाळणीत अडकतं. "सर ने डाँटा नहीं. बस बोले, गरम छानेंगे." रविवारी दोघं गरम गाळण्याचीच जुळवाजुळव करत होती. एवढं एक करायचं राहून गेलं.

"तो अब छानो," मी म्हटलं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "आंटी, पाउडर निकाल दिया, फिर भी रुका नहीं." तिच्या प्रबंधाचं ते प्रकरण नव्याने लिहावं लागणार होतं, आणि ती ते लिहिणार होती. दादाचा शोध गेला याचं मला फार वाईट वाटलं. पण त्याची शंका खरी निघाली म्हणून, खरं सांगते, अभिमानही वाटला.

वहिनीला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे रविवारी खरंच पूडच गाळत होते?"

"हो गं."

"एवढं तरी मला सांगायला हवं होतं त्यांनी..." म्हणाली, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली.

गच्चीवर टरफलांची परात अजून तशीच आहे. आमच्या घरात कोणी अंडं खात नाही. दादा टरफलं इथल्या कपूरथळा चौकातल्या ऑम्लेटवाल्याकडून आणायचा आणि वहिनी नाक मुरडायची. आता ती कोणाला नको आहेत, असं मी तिला सांगितलं. "राहू दे," म्हणाली. दव पडतं म्हणून संध्याकाळी परात आत घेते, सकाळी पुन्हा उन्हात ठेवते.