हस्नाच्या घराचा मधला खांब

हस्नाचं घर कुणाच्या जमिनीवर उभं आहे, हे मला आजही सांगता येणार नाही. विचारलं नाही असं नाही. मी तलाठ्याची मुलगी, अर्थशास्त्रात एम.ए., सांगलीला कॉलेजात मुलींना शिकवण्यात जन्म गेला. मालकी म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता. तो रियाधला मुलाकडे राहायला आल्यावर गेला.

हस्ना आमच्या घरमालकिणीकडे, उम्म फारिसकडे, कामाला होती. खाली ती मंडळी, वर आम्ही. गिरीश बँकेत, सून अनुराधा हॉस्पिटलात, नात अवनी शाळेत, आणि मी एसीच्या घरघरीत एकटी. दुपारी खाली सगळे झोपले की हस्ना वर यायची आणि न सांगता भाजी निवडायला बसायची. चाळिशीची, ठेंगणी, हाताने चपळ. तिला स्वयंपाकघरापुरतं अरबी यायचं आणि माझ्यामुळे मोडकंतोडकं हिंदी. मला अरबीतले ‘यल्ला’ आणि ‘खलास’ एवढेच शब्द. एवढ्या भांडवलावर आमच्या तासन् तास गप्पा चालायच्या. कोणाला काय कळलं, ते विचारू नका.

ती इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावरची. अवनीच्या नकाशात दाखव म्हटलं, तर तिने कोऱ्या निळ्या भागावर बोट ठेवलं.

‘‘अगं, इथे तर पाणी आहे.’’

‘‘हां, पानी,’’ ती म्हणाली, आणि बोट तिथेच ठेवलं.

तिचा नवरा मासेमार. शेजारच्या बेटावर दुसरं लग्न करून तिकडेच राहिला. हिने सौदीत राहून घर उभं केलं. लाकडाचं, उंच खांबांवर. एका सुट्टीत खांब उभे राहिले, पुढच्या खेपेला छप्पर चढलं. त्यात आता तिची म्हातारी आई आणि मुलगी राहत होत्या.

रमजान जवळ आला होता. एका दुपारी हस्ना आली ती भाजीला हात न लावता भिंतीशी बसून राहिली. डोळे सुजलेले. मला धड काही कळेना, म्हणून मी जमालुद्दीनला हाक मारली. हा घरमालकांचा ड्रायव्हर, मूळचा रत्नागिरीकडचा, अरबी फाडफाड बोलणारा. त्याने तिचं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

‘‘काकी, हिचा घर नेणार हायत.’’

‘‘कोण?’’

‘‘दीर. कादिर नाव. जागा त्याची हाय.’’

‘‘आणि घर?’’

‘‘घर हिचा.’’

‘‘मग तो नेणार कसं?’’

‘‘उचलून.’’

‘‘घर म्हणजे काय भाजीची पाटी आहे?’’

‘‘ती सांगते ता मी सांगतो. माझ्यावर कशाला तापता?’’

मी काय समजायचं ते समजले. भाऊबंदकी. बाई परदेशात, नवरा परागंदा, दिराने डाव साधला. असली प्रकरणं वडिलांच्या कचेरीबाहेर मी लहानपणापासून पाहिली होती. मी तशीच तिला हाताला धरून खाली गेले आणि जमालुद्दीनकरवी उम्म फारिसला सांगितलं, की हिच्या दिराने हिचं घर नेलं, हिला ताबडतोब गावी जाऊ द्या.

उम्म फारिस हळहळली. हस्नाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, ‘‘घर गेलंच आहे, तर आता जाऊन काय करणार? इथे तिला खोली आहे. आमच्याकडेच राहू दे.’’

झालं. उत्तर बिनतोड होतं. हस्ना माझ्याकडे असं बघत होती, की मीच तिचं घर काखोटीला मारून नेलं असावं.

वर आल्यावर तिने स्वयंपाकघरातला चौरंग ओढला. त्याच्या पायांना वर, बैठकीखाली, माझी दोन लाटणी आडवी बांधली. एकीकडून जमालुद्दीन, दुसरीकडून शाळेतून आलेली अवनी, असं दोघांकडून ती उचलवली. चौरंग डुलत डुलत दिवाणखान्यात गेला. हस्ना बरोबर चालत होती, बैठकीखाली मधोमध एक रवी उभी धरून.

‘‘बट आजी, हाऊसेस डोन्ट मूव्ह,’’ अवनी म्हणाली.

‘‘मलाही तेच वाटत होतं. नीट धर.’’

आता जमालुद्दीनने धीराने, पुन्हा पुन्हा विचारून, गोष्ट सरळ केली. कादिर आपली किनाऱ्यावरची जागा परदेशी पाहुण्यांच्या खोल्यांसाठी देत होता. हस्नाला म्हणाला, घर तुझं आहे, घेऊन जा. त्यांच्याकडे घरं नेतातच. खाली बांबू बांधायचे, गावातल्या सगळ्या पुरुषांनी खांदा द्यायचा, बायकांनी जेवण रांधायचं. फक्त मधला खांब म्हणजे घराची बेंबी. घराच्या मालकिणीने तो धरून घराला सांगायचं, चल, निघू या. तिने धरल्याशिवाय गावातला एकही माणूस हात लावणार नाही. आणि पश्चिमेचा वारा सुटला की बोटी बंद. त्याआधी हस्ना पोचली नाही, तर कादिर घर मोडून फळ्या करणार होता.

‘‘नेणार कुठे?’’ मी विचारलं.

‘‘टेकडीवर. मामाकडे.’’

‘‘ती जागा मामाची?’’

‘‘नाही. मामा वापरतो.’’

‘‘मग कुणाची?’’

तिने विचार केला. ‘‘गावाची. नारळ आईचे.’’

‘‘जमीन गावाची, वापर मामाचा, झाडं आईची, घर तुझं?’’

‘‘हां,’’ ती समाधानाने म्हणाली. आपलं बोलणं अखेर मला कळलं, असं तिला वाटलं असावं. विहिरीबद्दल मी विचारलंच नाही.

आम्ही चौरंग घेऊन पुन्हा खाली गेलो. उम्म फारिस वैतागली. ‘‘मघाशी घर गेलं म्हणालात. आता आहे म्हणता. मी कुठलं खरं मानू?’’

कोपऱ्यात तिची सासू कॉफी पीत बसली होती. अल खर्जच्या पलीकडे वाळवंटात जन्मलेली, फारसं न बोलणारी बाई. तिने चौरंग जवळ मागवला आणि रवीला बोट लावलं.

‘‘हा खांब कोण धरतं?’’

‘‘हीच,’’ जमालुद्दीन म्हणाला.

म्हातारीने मान हलवली. मग सांगितलं, की तिच्या लहानपणी तंबू आईचा असायचा. बकरीच्या केसांचं कापड बायकाच विणायच्या. उंट बापाचे, वाळू कुणाचीच नाही. मुक्काम हलवताना आईने हात लावल्याशिवाय मधला खांब कोणी काढत नसे. एकदा आई तापाने पडली, तर सगळा काफिला लादलेले उंट घेऊन उन्हात तिष्ठत बसला. एवढं सांगून ती सुनेला म्हणाली, ‘‘जाऊ दे हिला.’’

‘‘रमजान तोंडावर आलाय, आई.’’

‘‘मी करीन.’’

‘‘तुम्ही? तुम्ही चहासुद्धा करत नाही.’’

‘‘मग शिकव.’’

हस्नाचा कफील, म्हणजे इथल्या कायद्याने तिचा जामीनदार, उम्म फारिसचा नवरा. त्याच्या कपाटातून पासपोर्ट संध्याकाळी बाहेर आला.

तिचा प्रवास मला कागदावर मांडायचा होता. जकार्तापर्यंत विमान, तिथून मकासरला दुसरं, मग जहाज. ‘‘आणि पुढे?’’ तर म्हणाली, कोणाची तरी होडी असेल. नसली तर? तर थांबायचं. वारा सुटला तर? ती पिशवी बांधायला लागली. विमानतळावर जाताना माझ्या पाया पडली. हे ती कुठे शिकली कोण जाणे.

रमजान झाला, ईद झाली. काही खबर नाही. अनुराधा मला म्हणायची, ‘‘आई, किती वेळा गेटवर जाता?’’ मी म्हणायची, पाय मोकळे करायला. मग एका सकाळी जमालुद्दीन मोबाइल घेऊन धावत वर आला. फोनमध्ये वारा, कोंबडे, आणि त्यांच्यामागे कुठे तरी हस्ना.

‘‘आजी, घर गेलं,’’ ती हिंदीत ओरडली. या वेळी मी घाबरले नाही.

‘‘टेकडीवर?’’

‘‘नाही. वाटेत.’’

चढावर माणसं दमली, मधला खांब कलायला लागला. गावच्या इमामांनी सांगितलं, घराला वर जायचं नाही, खाली ठेवा. ठेवलं.

‘‘वाटेत म्हणजे कुणाच्या जागेत?’’ मी विचारलं.

तिने तिकडे कोणाला तरी विचारलं. दोघं-तिघं एकदम बोलायला लागले, आवाज चढले, मग सगळे हसले. ती पुन्हा फोनवर आली. ‘‘आजी, आई आत झोपली आहे. खांब सरळ आहे.’’ पुढे मला काही कळेना, म्हणून मी फोन जमालुद्दीनच्या हातात दिला. तो बराच वेळ हं हं करत राहिला आणि मग लाइन तुटली.

‘‘कुणाची जागा म्हणाली?’’

‘‘कुणाची नाय, काकी. ती वाटच हाय.’’

‘‘मग लोकांनी जायचं कुठून?’’

त्याने मोबाइल खिशात टाकला. ‘‘वाट आता वळसा घालून जाते म्हणे.’’